उन्हात वाळत घातलेली भैरवी

गाण्याची तबकडी उन्हात वाळत घालायची नसते, हे मला लग्नाआधी कोणी शिकवलं नव्हतं. पाऊस सरला की आमच्याकडे सगळं घर पुढच्या अंगणातल्या खळ्यात येतं. गोधड्या येतात, उडीद येतात, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात, सासऱ्यांच्या ठेवणीतल्या वहाणाही येतात. चार महिने दमट अंधारात बसून प्रत्येक वस्तूवर पांढरी बुरशी चढलेली असते, आणि तिच्यावर आश्विनातल्या उन्हासारखं औषध नाही. तेव्हा शेजारच्या दाजीकाकांच्या तबकडीवर बुरशी दिसल्यावर मी ती उचलली आणि चटईवर, सुंगटांपासून हातभर लांब, उन्हात ठेवली. वास लागू नये एवढी अक्कल मला होती. त्यापुढची नव्हती.

पण आधी दाजीकाका कोण ते सांगते.

मालवणच्या आमच्या वाडीतला हा एकटा माणूस. उभा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत फिटर म्हणून काढून गावी परतलेला. बाकीचे बोटवाले येताना घड्याळं आणत, नायलॉनच्या साड्या आणत. दाजीकाकांनी एका खेपेला मोटर आणली, दुसऱ्या खेपेला जडशीळ गोल थाळी, आणि तिसऱ्या खेपेला मखमली डबी. डबी बघून वाडीला वाटलं, दाजी शेवटी लग्न करतोय. सासूबाईंनी तर मुलगीही सुचवली. डबीत निघाला एक बारीकसा वाकडा दांडा. त्याच्या टोकाला सुई बसवायची होती.

हे सगळं जुळवून त्यांनी गाणं ऐकायचं जे यंत्र केलं, तसं जिल्ह्यात दुसरं नसावं. निदान ते तसं म्हणत. "पायो घट व्हयो," हे त्यांचं पालुपद. म्हणून त्यांनी चांगली सारवलेली ओटी मधोमध खणली आणि खालच्या कातळापासून जांभ्याचा खांब वर आणला. खांब आणि जमीन यांच्यामध्ये चार बोटांची फट. ओटीवर कोणी नाचलं तरी यंत्राला कळता कामा नये. खांबावर यंत्र, आणि यंत्रावर सकाळ-संध्याकाळ गवंड्याची पाणसळ ठेवून ते डोळा बारीक करून बघत.

मी शिरोड्याहून नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पाया पडायला शेजारी नेलं. ओटीच्या मधोमध कमरेएवढा खांब, वर शुभ्र कापडाखाली झाकलेलं काहीतरी. मी हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. दाजीकाकांनी रुमालाने कुंकू टिपून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "नमस्कार चलात गो बाय. कुकू नको. सुयेत जाता."

गावात वीज नुकतीच आली होती. दाजीकाकांनी पहिल्या फटक्यात जोडणी घेतली, ती फक्त यंत्राला. घरात कंदीलच. का, तर "दिवो लावलो तर तो यंत्राची ताकद खाता." सुईचा भार तबकडीवर किती पडतो ते मोजायला त्यांच्याकडे सोनाराचा काटा होता. एका पारड्यात सुई टेकवायची आणि दुसऱ्यात गुंजा टाकायच्या. एक गुंज जास्त झाली तर दोन दिवस चेहरा उतरलेला.

ऐकायची वेळ दुपारी चारची. येताना पाय धुवायचे. सुपारी कातरायची नाही. आणि त्या वेळात आजूबाजूच्या कुठल्याही माडावर नारळ उतरवणारा पाडेली चढायचा नाही, कारण नारळ धप्पकन पडला तर सुई उडी मारील. "मगे तुझो खांब काय कामाचो?" असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. त्यांना पुढचे आठ दिवस बोलावणं आलं नाही.

ऐकायला बहुतेक आम्ही दोघीच. आम्ही आवाजाच्या पेटीकडे तोंड करून बसायचं, आणि दाजीकाका पेटीला खेटून, तिच्यावर तळहात ठेवून, आमच्याकडे तोंड करून बसायचे. परीक्षेला मास्तर बसतात तसे. तबकडी संपली की प्रश्न. "काय ऐकलंस? सारंगी खंय इली? बाईन दम खंय घेतल्यान?" सासूबाई पहिल्या आलापातच डुलकी घेत, त्यामुळे उत्तरं माझ्याकडे. मी माहेरी नाटकातली पदं ऐकलेली, तेवढ्या भांडवलावर काहीही ठोकून द्यायची. "दुसऱ्या तानेनंतर आवाज जरा ओला झाला," असं मी एकदा शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले. ओला आवाज म्हणजे काय, देवाला ठाऊक. दाजीकाका खूश. "बरां ऐकलंस." माझं एकही उत्तर कधी चुकलं नाही. सहा महिन्यांत मी स्वतःला गाण्यातली मोठी जाणकार समजू लागले आणि नवऱ्याला मुंबईला तसं कळवूनही टाकलं.

तर ते आश्विनातलं ऊन. दाजीकाका नवी सुई आणायला मुंबईला गेले होते आणि किल्ली आमच्याकडे ठेवून गेले होते. "खिडकी उघड, दुसऱ्या कशाक हात लावू नको," एवढंच सांगून. मी खिडकी उघडली, आणि उजेडात ती तबकडी दिसली. एका बाईंची भैरवी. बैठक संपताना ते दर वेळी हीच लावायचे, दुसरी कुठलीही शेवटाला चालायची नाही. ती मुंबईलाही आता मिळत नाही, असं सांगायचे. म्हटलं, हिची बुरशी घालवली तर काका खूश होतील.

जेवून येऊन बघते तर तव्यावर झालेल्या घावनासारखी तिने कडा उचललेली. मी तांदळाच्या गोणीखाली दोन दिवस दाबली. कडा बसली, पण लाट राहिली; घावनाची ती आंबोळी झाली, एवढंच. पाकिटात घालून जागच्या जागी ठेवली आणि गप्प बसले.

दाजीकाका नवी सुई घेऊन आले. बैठक झाली आणि शेवटी भैरवी लागली. होडी बंदराच्या तोंडाशी लाटांवर चढते-उतरते तसा तो वाकडा दांडा वरखाली होऊ लागला, आणि बाईंचा आवाज त्याच्याबरोबर. षड्जावरून घसरायच्या, विव्हळायच्या, पुन्हा चढायच्या. सासूबाई दचकून जाग्या झाल्या.

"हिका कळा इल्यो काय गो?"

मी तोंड कोरं ठेवलं. आता हा माणूस मला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर बरोबरच आहे, असं मनाशी म्हणत दाजीकाकांकडे पाहिलं. ते आमच्याकडेच बघत होते. तळहात पेटीवर, बोटं ठेक्यावर. आणि मधली ती मोठी तान आली, जिथे ते नेहमी मान हलवून "व्वा" म्हणत, तिथे त्यांनी अगदी वेळेवर मान हलवली आणि "व्वा" म्हणाले. बाई तेव्हा गटांगळ्या खात होत्या.

मी त्यांच्या पेटीवरच्या तळहाताकडे नव्याने बघितलं. आमच्या किनाऱ्यावर बोलणं म्हणजे ओरडणंच, समोरासमोर बसलं तरी. त्यामुळे एवढी वर्षं कोणालाच काही कळलं नव्हतं.

सासूबाई दिवेलागणीला उठून गेल्या. मी बसून राहिले.

"दाजीकाका, तुमका बाईचो आवाज ऐकाक येना नाय?"

ते कापडाची घडी घालत होते. ती घालून झाली.

"तबलो येता. हातातसून. बाईचो आवाज इंजिनान खाल्ल्यान. त्याका वरसां झाली."

"मगे ह्यां सगळां मांडून बसतास कित्याक?"

"तुमी ऐकतास तां माका दिसता मा. तू आज ऐकलंस नाय. सुईसुद्धा हालत होती. काय केलंस तिचां?"

मग मी सगळं सांगितलं. ऊन, चटई, गोणी. शिवाय "ओला आवाज" वगैरे सगळं मी मनचं सांगत होते, हेही सांगून टाकलं, आणि एकोणीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशी रडले. दाजीकाकांनी तबकडी उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली, तिची लाट बघितली आणि पाकिटात घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"रडू नको गो बाय. माझ्या कानात ती अजून सपाटच फिरता. वाकडी झाली ती तुमका ऐकूक. म्हणान तुमच्यासाठी दुसरी आणूक व्हयी."