होण्याआधी झालेली सभा

शनिवारी होणाऱ्या सभेचं इतिवृत्त संचिता नाखवाने गुरुवारी सकाळीच लिहून टाकलं. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ती 'सभेस तेवीस सभासद उपस्थित होते' इथवर आली होती. चौथ्या शिट्टीला 'अल्पोपाहाराने सभेची सांगता झाली' हेही लिहून झालं.

"सभा परवा आहे ना?" चहाचा कप घेऊन आलेल्या सुदेशने, तिच्या नवऱ्याने, रजिस्टरमध्ये डोकावत विचारलं.

"हो."

"मग यात ती झालेली कशी?"

"दरवर्षी होते तशीच." संचिताने पेनाला टोपण लावलं. "साडेचारची वेळ दिलीय. साडेचारला कुणी येत नाही. एक्कावन्न लोक लागतात, ते नसले की सभा अर्धा तास तहकूब. पाचला त्याच जागी तहकूब सभा भरते, तिला कितीही लोक चालतात. म्हणून सगळे पाचलाच येतात. तेवीस."

"आणि कुणी भांडलं तर?"

"भोईर भांडतील. तेही लिहिलंय. 'श्री. रतन भोईर यांनी उपस्थितीबाबत हरकत घेतली. अध्यक्षांनी नोंद घेतली.'"

नौपाड्यातल्या त्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची संचिता अकरा वर्षं कार्यवाह होती. हे पद तिने मागितलं नव्हतं. एका सभेला ती जरा उशिरा पोचली आणि तिच्या गैरहजेरीत ते तिला मिळालं. तेव्हापासून नोटिसा, मानपत्रं, शाली आणि हॉलच्या किल्ल्या तिच्याकडे, शिवाय पुरस्कार घ्यायला येणाऱ्यांना रिक्षा कुठे सोडायची ते फोनवर सांगणंही तिच्याकडेच. सुटण्याचा प्रयत्न तिने केला नव्हता असं नाही. सलग पाच वर्षं राजीनामा दिला होता. अध्यक्ष गुणाजी सावे तो वाचून दाखवत, सभागृह प्रेमाने "नाही, नाही" म्हणे आणि राजीनामा टाळ्यांच्या गजरात फेटाळला जाई. तेही नंतर तिलाच लिहावं लागे.

यंदा मात्र तिचा निश्चय पक्का होता. चेंदणी कोळीवाड्यात जन्मलेली ती, आजोबांची होडी होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी तिने तरण तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं होतं. शनिवार-रविवार, साडेचार ते साडेपाच. नेमकी संघाच्या कामाची वेळ. पहिला दिवस या रविवारी होता. संघ सुटला नाही तर रविवारी चारला गुणाजीकाकांचा फोन येणार आणि पुढची अकरा वर्षंही ती काठावरच राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून गुरुवारच्या त्या लिखाणात सांगतेच्या ओळीआधीचा परिच्छेद नवा होता. 'कार्यवाह सौ. संचिता नाखवा यांचा राजीनामा सभेने जड अंतःकरणाने स्वीकारला. नूतन कार्यवाह म्हणून श्री.' आणि पुढे मोकळी जागा. तेवढं नाव काही तिला सुचलं नव्हतं.

शनिवारी पाच वाजता हॉलमध्ये बरोबर तेवीस सह्या झाल्या. मे महिना, व्यासपीठावरचा पंखा बंद. पुरस्कार घ्यायला यायची होती वल्लरी दामले. कल्याणला कृत्रिम हात बनवायचं छोटं वर्कशॉप चालवणारी, तेरा वर्षांपूर्वीची पदवीधर. तिचा पत्ता नव्हता. संचिता फोन घेऊन गेटवर गेली.

"ताई, मी माजिवड्याला आहे," वल्लरी म्हणाली.

"पंधरा मिनिटांपूर्वी पण माजिवड्यालाच होतीस ना गं?"

"तेव्हा पुलाच्या त्या बाजूला होते. आता पुलाखाली आहे. पुढे ट्रेलर आडवा झालाय. उतरून चालत येऊ का?"

"नको बाई. बस तिथेच. मी इथे वेळ काढते."

पण आत वेळ आपणहून निघाला होता. गुणाजीकाका बहात्तर वर्षांचे, चौऱ्याहत्तर साली एफवायला असलेले, आणि त्यांना उकाडा मुळीच सहन होत नसे. हाताशी जाड रजिस्टर होतं. ते त्यांनी पंख्यासारखं हलवलं. वारा बरा आला, पण गेल्या वर्षीच्या पानात संचिताने घातलेली खुणेची चिठ्ठी उडून हारांच्या ताटात पडली. काका उठले. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील सभा म्हणजे शेवटचं लिहिलेलं पान, असा सरळ विचार करून त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. तारखेची ओळ बारीक अक्षरात असे, ती ते नेहमीच सोडून देत.

संचिता गेटवरून परतली तेव्हा लाउडस्पीकरवर तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं.

"सत्कारमूर्ती वल्लरी दामले यांनी कॉलेजच्या दिवसांना उजाळा दिला. मनोगत व्यक्त करताना त्यांचे डोळे पाणावले."

सत्कारमूर्ती त्या वेळी पुलाखाली होत्या. संचिताचे पाय हॉलच्या दारातच थांबले. तिने सभागृहाकडे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गेल्या वर्षी पुरस्कार कुणाला दिला हे देणाऱ्यांनाही आठवत नव्हतं, आणि इतिवृत्ताच्या वेळी डोळे मिटून घ्यायची संघाची जुनी पद्धत होती. एकच माणूस ताठ बसून ऐकत होता. दुसऱ्या रांगेत कडेला, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले रतन भोईर.

धावत जावं आणि रजिस्टर ओढून घ्यावं, असं संचिताच्या मनात आलं. एक पाऊल तिने टाकलंही. मग तिला पुढचा परिच्छेद आठवला. आता थांबवलं तर राजीनामा त्याच्या वेळेला यथासांग वाचला जाणार, सगळे जागे होणार, "नाही, नाही" म्हणणार. नाही थांबवलं तर...

संचिताने टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि फोनमध्ये काहीतरी बघत उभी राहिली.

"कार्यवाह सौ. संचिता नाखवा यांचा राजीनामा," काका एका सुरात वाचत होते, "सभेने जड अंतःकरणाने स्वीकारला."

जड अंतःकरणांपैकी एकही हललं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. संचिताला हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. अकरा वर्षं, आणि एक साधं "अरेच्चा" सुद्धा नाही.

"नूतन कार्यवाह म्हणून श्री." काका थांबले. चष्मा वर केला, खाली केला. "इथे नाव राहिलंय. नाव भरल्याशिवाय कायम कसं करायचं?"

"अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा," म्हणत रतन भोईर उभे राहिले.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षं हा माणूस प्रत्येक सभेत उभा राहत होता आणि वीस वर्षं काका त्याला खाली बसवत होते. आज पहिल्यांदाच त्यांना त्याच्या उभं राहण्याचा काही उपयोग दिसला.

"रतनराव उभे राहिलेत. उत्तम. मी नाव सुचवतो."

"मी त्याच्यासाठी उभा नाही राहिलो, सर. मी हरकतीसाठी..."

"अनुमोदन," मागच्या रांगेतून जांभईवाला म्हणाला. कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं, पण अनुमोदन द्यायची वेळ आली आहे हे त्याच्या कानाला झोपेतही कळत असे.

"एकमताने मंजूर." काकांनी उरलेली ओळही वाचून टाकली. "अल्पोपाहाराने सभेची सांगता झाली. सभागृहाने वरील इतिवृत्त कायम केलं." टाळ्या झाल्या. राजीनाम्याला झाल्या नव्हत्या इतक्या झाल्या.

"अहो पण माझी हरकत?"

"हरकती कार्यवाहांनी नोंदवायच्या असतात. हे घ्या," म्हणून काकांनी रजिस्टर त्यांच्या हातात दिलं.

इकडे लाउडस्पीकरवर 'अल्पोपाहाराने सभेची सांगता झाली' हे वाक्य व्हरांड्यापर्यंत पोचलं होतं. तिथे सगुणाबाई कढई तापवून बसल्या होत्या. सांगता झाली हे शब्द ऐकले की भजी सोडायची, असं त्यांचं आणि संचिताचं अनेक वर्षांचं ठरलेलं. त्यांनी सोडली. कांदाभजीचा वास हॉलमध्ये आला आणि सभासद उठायला लागले. दोन मिनिटांत आत तिघंच उरले. काका, संचिता आणि रजिस्टरात बोट घालून उभे असलेले भोईर. आता त्यांनी तारखेची ओळ वाचली होती.

"सर, ही आजची तारीख आहे."

"बरोबर. आज शनिवार."

"म्हणजे आपण आत्ता जी सभा कायम केली ती आजची. जी अजून व्हायची आहे."

काकांनी बाहेर पाहिलं. तिथे सभा प्लेटा घेऊन उभी होती. "व्हायची काय? झालेली दिसतेय."

"रद्द करायला हवी."

"करा. नियम काय म्हणतो?"

भोईरांना नियम तोंडपाठ होते. ते सांगू लागले आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. कायम झालेलं इतिवृत्त फक्त विशेष सभेत रद्द होतं. विशेष सभा तहकूब करून भरवता येत नाही. तिला एक्कावन्न सभासद हजर लागतात.

एक्कावन्न सभासद एका जागी कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी जेवणानंतर कुणी पाहिले नव्हते.

"म्हणजे मी कार्यवाह," भोईर सावकाश म्हणाले.

"अभिनंदन," काका म्हणाले. मग ते संचिताकडे वळले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "थांब. म्हणजे तू... तू सोडलंस?"

"हो काका."

"कधी?"

"आत्ता. तुम्हीच वाचलंत."

"अगं, मी वाचतो तेव्हा ऐकतो कुठे?" काकांचा चेहरा पडला. "आमच्या लक्षातच नाही आलं गं."

"असू दे. भजी गार होतील," संचिता म्हणाली.

वल्लरी पोचली ती पावणेसहाला, घामाघूम. हॉल रिकामा बघून तिला वाटलं आपण उद्या आलो. मग व्हरांड्यातच भज्यांच्या टेबलाशी तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, तेलकट हातांच्या टाळ्या. तिने मनोगत दोन वाक्यांत संपवलं. "मी दोन विषयांत नापास होऊन, केट्या घेऊन पास झालेली मुलगी आहे, तुम्ही मला लक्षात ठेवलंत हेच मोठं. आता मला पाणी द्या."

रतन भोईर पेन उघडून तिच्या डोळ्यांकडे निरखून बघत होते.

"काय झालं, काका?" वल्लरीने विचारलं.

"तुमचे डोळे पाणावायला हवेत. कायम झालंय तसं."

"काका, मला माजिवड्यालाच रडून झालं."

भोईर गंभीरपणे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. संचिता तिथे किल्ल्यांचा जुडगा सोडवत होती.

"नाखवाबाई, एक विचारायचंय. कार्यवाह म्हणून."

"विचारा."

"मी दरवर्षी उपस्थितीवर हरकत घ्यायचो. आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? मी ती आधीच लिहून ठेवायची."

"पण हरकत काय आहे ते कधी विचारलंत? सर मला बसवायचे, तुम्ही 'नोंद घेतली' लिहायचात." त्यांनी रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. एकामागून एक अकरा वर्षांची पानं उलटली. "तेवीस. तेवीस. तेवीस. मी दर वेळी डोकी मोजायचो. चोवीस भरायची. सगळ्यांच्या सह्या तुम्ही घ्यायचात आणि स्वतः करायचीच राहायची. रेकॉर्डप्रमाणे तुम्ही एकाही सभेला आलेल्या नाहीत. एवढीच माझी हरकत होती."

संचिता पानांकडे बघत राहिली. खरंच होतं. प्रत्येक वर्षी रजिस्टर तिच्या हातात आणि तिच्यासमोर रांग. रांगेत ती कधी नव्हतीच.

"सही करा," भोईर म्हणाले. "आजच्या तारखेला तरी."

तिने सही केली. नेहमीपेक्षा जरा वाकडी आली.

"काय गं, काय झालं?" काका भजीची प्लेट घेऊन आले होते.

"काही नाही काका. मिरची लागली."

रविवारी साडेचारला ती तरण तलावाच्या पायरीवर उभी होती. डोक्याला घट्ट टोपी, पायाखाली पहिली पायरी, गुडघ्यापर्यंत पाणी. शिकवणारी मुलगी म्हणत होती, "काकू, कठडा सोडा, मी आहे." बाकावर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजला. संचिताने तो तासाभराने, केस पुसताना पाहिला. भोईरांनी नव्या इतिवृत्ताचा फोटो पाठवला होता. अक्षर हिशेबनीसाचं, एकेक ओळ मोजून मापून.

'उपस्थिती : चोवीस. सत्कारमूर्ती श्रीमती वल्लरी दामले यांचे डोळे पाणावले नाहीत. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माजी कार्यवाह सौ. संचिता नाखवा यांचे डोळे पाणावले. कारण विचारले असता त्यांनी मिरची असे सांगितले. भजी कांद्याची होती. सबब या कारणास श्री. रतन भोईर यांनी हरकत घेतली. हरकत नोंदवण्यात आली.'