अण्णांचा स्पॅनिश गोठा

विठ्ठलअण्णा रोज सकाळी साडेआठला गोठ्यात गडाबडा लोळतात. वय अडुसष्ट. पांढरा लेंगा-सदरा, खाली पोती अंथरलेली, एक हात पोटावर आणि तोंडानं नुसतं विव्हळणं. भोवती पाच-सहा वर्षांची बारा लेकरं उभी. ती घाबरत नाहीत, पळत नाहीत. सगळी एका सुरात विचारतात, "दोंदे ते दुएले?"

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पिशवीच गळून पडली. मी त्यांची शेजारीण, गावातली अंगणवाडीताई. माणूस आटोपला असं समजून मी जी बोंब ठोकली, ती ऐकून समोरच्या दुकानदारानं रिक्षासुद्धा चालू केली. तेवढ्यात अण्णांनी एक डोळा उघडला आणि दाराकडं बोट दाखवलं. दारावर खडूनं लिहिलं होतं, 'इथून पुढं मराठी बंद.' माझ्याच अंगणवाडीत नाक पुसायला शिकलेली एक चिमुरडी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, भाईर जाऊन बोला." मी गारच पडले.

तर हे आमच्या नांदूरघाटातलं स्पॅनिशचं उन्हाळी शिबिर. केजला नाही, बीडला नाही, आमच्या गल्लीत. 'कुठं दुखतंय?' एवढाच त्या लेकरांच्या प्रश्नाचा अर्थ, हे मला नंतर कळलं.

अण्णा गुरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर होते. मुकं जनावर काही सांगत नाही, आपणच ओळखायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळं माणसांशी बोलतानाही त्यांचं एकच पालुपद, "आदी हात लावून बगा." भाजी घ्यायची असो की सोयरीक जमवायची असो, अण्णांचं आपलं आदी हात लावून बगा. एकदा एका मुलाच्या बापासमोर ते हे म्हणाले आणि ती सोयरीक तिथंच बारगळली.

त्यांची एकुलती एक लेक सुनिता नर्स होऊन परदेशी गेली आणि तिकडंच स्पेनच्या मुलाशी लग्न करून राहिली. तिची मुलगी लुसिया. गल्ली तिला लुशी म्हणते. लुशी चार वर्षांची असताना एकदा येऊन गेली, त्याला तीन वर्षं झाली. फोनवर अण्णा दर रविवारी विचारायचे, लेकराला कवा आणतीस? सुनिता म्हणायची, बघू. त्या 'बघू'नं अण्णा वाळत चालले होते. मग यंदा त्यांनी ठरवलं की लुशीशी बोलणारी माणसं गावात तयार केली, तर सुनिताला नाही म्हणायला जागाच उरणार नाही. स्वतः वर्षभर मोबाइलवर शिकले, वहीत सगळं देवनागरीत उतरवलं, गाय विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा शेणानं सारवला आणि मे लागताच लेकरं गोळा केली. फी काही नाही. उलट प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

सगळ्यांना आधी वाटलं, अण्णा इंग्रजी शिकवतायत. आठ दिवसांनी माझी जाऊ माझ्याकडं तणतणत आली. तिचा नातू भाकरी नाही म्हणत, पाणी नाही म्हणत. आग्वा, आग्वा करत घरभर फिरतो आणि आग्वा नाही दिलं की पाय आपटतो. घरी पाणी मागायची ही तऱ्हा, तर उद्या शाळेत काय करील, म्हणाली. एका बापानं गोठ्याच्या दारात उभं राहून अण्णांना स्पष्टच सांगितलं, लेकराला कलेक्टर करायचंय, असलं येड शिकवू नका. अण्णांनी त्यालाही आत येऊ दिलं नाही, कारण तो मराठीत बोलत होता.

कसलं काय, बाराची नऊ झाली, नवाची पाच झाली. अण्णा रोज त्या पाच टाळक्यांपुढं तितक्याच जोमानं लोळायचे.

मी लेकरांत वीस वर्षं काढली आहेत, मला राहवेना. एके दुपारी अण्णांच्या ओसरीवर जाऊन मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, अहो, लहान लेकरांना गाणी शिकवतात, रंग शिकवतात, चिमणी-कावळा शिकवतात. तुमचं आपलं कुठं दुखतंय, पाणी पाहिजे का, कान का पोट, डोकं का दात. सगळी रोगराई. कोण आईबाप पाठवील? लुशी येईल तेव्हा ह्या लेकरांनी तिच्याशी खेळायचं की तिला तपासायचं?

अण्णांनी हातातली वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ताई, ती आलती तवा एक दिवस लई रडली. ध्येनात हाय?"

न असायला काय झालं? सुनिता बँकेच्या कामाला बीडला गेली होती आणि पोर सकाळपासून अण्णांकडं होती. तिच्या भाषेत एकच काहीतरी बोलत होती आणि रडत होती. अख्खी गल्ली जमली. कुणी पेढा दिला, कुणी बाहुली दिली. एवढी गोरीगोमटी पोर, नजर लागली असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. संध्याकाळच्या बसनं सुनिता आली, दोन दिवसांनी पोरीला घेऊन गेली. एवढंच मला माहीत.

"कान फुटला व्हता तिचा," अण्णा म्हणाले. "आतला पडदा. दुसऱ्या दिवशी बीडला डॉक्टरनं सांगितलं. दिवसभर ती त्येच सांगत व्हती, कान दुखतोय, कान दुखतोय. सुनितानं मला रागात एकदाच इचारलं, अण्णा, तुमी कंपाउंडर ना? बास. त्यावर परत बोलली न्हाई. बत्तीस वर्षं मी बैलाच्या कानाला हात लावून ताप सांगितला, ताई. आन् माज्या नातीच्या कानाला हात लावला न्हाई."

 त्या दिवशी तिची दृष्ट मी काढली होती. मीठ, मोहऱ्या, सुक्या लाल मिरच्या, सगळं माझ्या घरून आणून. त्या मिरच्यांचा ठसका लागून पोर खोकायला लागली, तेव्हा बघा किती नजर होती म्हणून मीच सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. फुटलेल्या कानानं ते लेकरू खोकत होतं.  अण्णांनी ह्या तीन वर्षांत मला त्याचा एक शब्द ऐकवला नव्हता. तेव्हाही ऐकवला नाही. उठून मला शेंगदाणे आणून दिले.

रविवारी दुपारी बाराला फोन लावायचा ठरला. त्या वेळी तिकडं सकाळ असते. अण्णांनी दाढी केली, पाचही लेकरांना रांगेत बसवलं आणि मोबाइल धान्याच्या कोठीला टेकवून उभा केला. मीही गेले. मला माफी मागायची होती, पण कोणत्या भाषेत मागू?

पडद्यावर लुशी दिसली. चांगली उंच झालेली, दोन दात पडलेले. लेकरांनी एका सुरात तिला रामराम घातला, तिच्या भाषेत. पोर आधी दचकली, मग खिदळत सुटली आणि आईला हाका मारायला लागली. सुनिता आली, बघतच राहिली.

 वही उघडून अण्णांनी लिहून ठेवलेलं वाचायला सुरुवात केली. मधे अडखळले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला त्यातला फक्त एक शब्द समजला, पेर्दोनामे. तो त्यांनी मला सकाळीच सांगितला होता, मला माफ कर. वाचून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही.

लुशी काहीतरी बोलली, बरंच बोलली. अण्णांना एवढं भरभर कुठलं कळायला? त्यांनी सुनिताकडं पाहिलं.

"अण्णा," सुनिता म्हणाली, "तिला कानाचं काहीच आठवत नाही. ती म्हणते, तिथं एका माणसानं मला खांद्यावर घेतलं होतं. खूप वेळ उन्हात फिरवत होता. आणि तो रडत होता. ती विचारतीय, तो माणूस तुम्हीच का?"

अण्णांनी वही मिटली. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"मी कशाला रडू?" ते म्हणाले. मग म्हणाले, "व्हय म्हणून सांग तिला."