प्यो सरकारांची प्लगखरेदीची मोहीम

पूर्वी कित्येक शूर तलवारीने झुंजले, कित्येक तोफेने. परंतु देगू शहरीचे प्यो संग-हान सरकार चार स्पार्क प्लगांनिशी सासुरवाडीवर चालोन गेले, हा पराक्रम कोणी लिहोन ठेविला नाही, सबब आम्ही लिहितो. वाचणाराने हसू आवरावे.

कारण जे, गतवर्षी सासूबाईंच्या वाढदिवशी सरकारांची गाडी सासुरवाडीच्या चढावर आचके देऊन निपचित पडली, आणि मग साडू बांग यांनी धावत येऊन समस्त गावासमक्ष ती ढकलोन वर नेली, आणि मग सासूबाईंनी जावयांसाठी रांधिलेल्या कोंबडीच्या दोन्ही तंगड्या साडूच्या वाडग्यात घातल्या. सरकारांचे वाटेस पंख आले. ही नामुष्की काळजात सलत होती. यंदा सासूबाईंची सत्तरी. मेस्त्रीने निदान केले की प्लग झिजले, चारही बदलावे. तेव्हा तंगडी परत घेण्याची प्रतिज्ञा करोन सरकार राणीसाहेब ओक-जू यांसह सुट्या भागांच्या गल्लीत दाखल जाहले.

तेथे प्लगांचा दरबारच भरला होता. निकेलचे शिपाई, प्लॅटिनमचे सरदार, इरिडियमचे उमराव. त्यांतही गरम जातीचे आणि थंड जातीचे. सरकारांनी शर्यतीच्या गाडीचे थंड इरिडियम उचलिले, कारण थंड प्लगाने इंजिन गार राहील आणि गार इंजिन चढास भीत नाही, ऐसा त्यांचा कयास. राणीसाहेबांनी खोका उलटा करोन मागील मजकूर वाचिला की जवळच्या फेऱ्यांस वापरू नये, काजळी धरेल.

"अहो, हे शर्यतीचे आहेत. भाजीबाजारात कोणाशी शर्यत लावता तुम्ही?"

"बांगच्या गाडीत इरिडियम आहे."

"मग बांगच्या गाडीत जाऊन बसा!"

सरकार हटले नाहीत. त्यांनी तह मांडिला की दोन इरिडियम घ्यावे आणि दोन निकेल.

"एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून निघता का कधी?"

दुकानदार गल्ल्याआड तोंड लपवोन हसला. मग राणीसाहेबांचा हुकूम जाहला की गाडी कारखान्यातून जे प्लग घेऊन आली तेच घ्यावे, निकेलचे, चारही. सरकारांनी मान तुकविली, आणि मेस्त्रीने प्लग बसविले, आणि मग मोहिमेने कूच केले.

चढाच्या पायथ्याशी सरकारांनी वर पाहिले. साडू बाह्या सारोन उभेच होते. सरकार गाडीचा भार हलका करण्याच्या मिषाने खाली उतरले. राणीसाहेबांनी पदर खोचावा तैसा पट्टा खोचला, चाक धरिले, आणि गाडी गुरगुरत, एकही आचका न देता, थेट सासूबाईंच्या अंगणात शिरली. सरकार मागोन धापा टाकीत पोचले.

मग कोंबडी आली. दोन्ही जावयांनी वाडगे पुढे केले. सासूबाईंनी दोन्ही तंगड्या लेकीच्या वाडग्यात घातल्या.

"आई, अगं, जावयांना दे ना!"

"गाडी कोणी चढवली? तू. इतकी वर्षं मीच चुकले गं. खा."

राणीसाहेबांचे डोळे भरले, तरी त्यांनी तंगडी सोडिली नाही.

येणेप्रमाणे गड सर जाहला. यश प्यो सरकारांचे नावे रुजू केले असे. सरकारांनी एक पंख खाल्ला, दुसरा साडूंनी.