मन्मथअप्पांची परळीची गाडी

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा स्कूटर सुरू करण्याआधी शिट्टी वाजवतात. गार्डची असते तशी, लांबलचक. मग खिशातून हिरवं फडकं काढून दोनदा हलवतात आणि दारात उभ्या असलेल्या सुमनकाकूंनी मान हलवली, की मगच त्यांची स्कूटर भांड्यांच्या दुकानाकडे निघते. फडकं काकूंच्या जुन्या पोपटी साडीचं आहे. काकू न्हाणीत असल्या तर अप्पा खोळंबतात. "लाइन क्लिअर न्हाई," म्हणत तिथंच स्कूटरवर पेपर वाचत बसतात आणि आमची गल्ली अडवून ठेवतात.

जंक्शनच्या गावात हे शोभलं असतं. पण आम्ही बीडचे. रेल्वेची वाट बघणं हा आमच्याकडे बापाकडून लेकाकडे चालत आलेला उद्योग. रेल्वेत बसायचं तर आधी एसटीत बसून दुसऱ्या गावाला जावं लागे. अशा गावात अप्पा रेल्वेच्या इतिहासावर व्याख्यानं देत आणि वर सहलीही काढत. त्यात मी पडलो भूगोलाचा मास्तर, त्यामुळे पहिल्या रांगेतली खुर्ची माझ्या नशिबी कायमची लिहिलेली.

व्याख्यान रविवारी, दुकानाच्या मागच्या खोलीत. दोन लांब उलथनी म्हणजे रूळ. पळी म्हणजे सिग्नल. आडवी धरली की थांबा, खाली झुकली की निघा. कुकर म्हणजे इंजिन. एकदा निजामाच्या काळातली गाडी ऐन घाटात असताना एका बाईंना तोच कुकर पसंत पडला आणि त्या तो घेऊन गेल्या. इंजिनाअभावी त्या दिवशीचा इतिहास तिथंच थांबला.

शेवट मात्र नेहमी एकच असे. अप्पांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "गाडी निघताना एक धक्का बसतो. लई मोठा न्हाई. कुणी पाळण्याला हात लावावा तसा. तवा घाबरायचं न्हाई. बाजूच्याचा हात धरायचा." हे ऐकताना मला वाटे, या माणसानं अर्धा भारत रेल्वेनं पालथा घातला असणार.

सहलींना गाडी सलीमभाईंची. ते फळविक्रेते, त्यामुळे आम्ही टेम्पोत मोसंब्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसून रेल्वेचा शोध घेत हिंडायचो. एकदा पाली गावाच्या पुढे एका शेतात अप्पांना निजामाच्या रेल्वे-पाहणीचा दगड सापडला. त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. उन्हात तासभर दगडाचं माहात्म्य सांगितलं. एवढ्यात शेतातली म्हातारी आली.

"कशाला बसलाव माझ्या दगडापाशी? म्हैस बांधायला सासऱ्यानं रवलाय त्यो."

"म्हैस नंतर बांधली असंल, मावशी," अप्पा म्हणाले. "दगड आधीचा हाय."

"अप्पा, जाने दो," सलीमभाई म्हणाले. "म्हैस बी गाडीवानी वेळेवर येत नसंल. निजामाचीच असंल."

अप्पांनी वहीत त्या दगडापुढे 'वादग्रस्त' असं लिहिलं आणि आम्हाला तळपाय भाजत टेम्पोकडे नेलं.

आणि मग एक दिवस खरंच रेल्वे आली. नगरहून बीडपर्यंत रूळ आले, गावाबाहेर स्टेशन उभं राहिलं, पहिली गाडी लागली. सगळं गाव लोटलं. सलीमभाई आणि मी हार घेऊन अप्पांना न्यायला गेलो, तर हे दुकानात बसून पातेली पुसत होते.

"अप्पा, चला की!"

"कुठं जाती ती गाडी?"

"नगरला."

"मंग मला काय करायची? परळीला जाती का?"

परळीकडचं काम अजून चालू होतं, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. माझं डोकंच फिरलं. वर्षानुवर्षं आमचे रविवार खाल्ले, म्हशीच्या दगडापुढे उघड्या पायानं उभं केलं, आणि आता गाडी दारात आली तर हे रुसून बसले! मी हार कढईवर टाकला आणि निघून आलो.

संध्याकाळी काकूंनी मला कुंपणापाशी हाक मारली.

"मास्तर, त्यांच्यावर रागावू नका. ते आजवर रेल्वेत बसलेच न्हाईत."

मला आधी ही थट्टाच वाटली. काकू परळीच्या, हे ठाऊक होतं. त्यांचे वडील तिथल्या स्टेशनात सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, हे मात्र मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"लगीन होऊन आले तवा मला इथं करमंना. गाडीचा आवाजच न्हाई. रोज रडायची. मंग ह्यांनी शिट्टी आणली. म्हणले, बीडला रेल्वे आली की तुला रेल्वेनंच माहेरी नेतो. तवर मी बी बसणार न्हाई. पुण्याला लेकाकडं सुदीक एसटीनंच गेलतो आमी."

"आणि ती व्याख्यानं? तो धक्का?"

"त्ये समदं मीच सांगितल्यालं. चुलीपाशी बसून इचारायचे रोज." काकू हसल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता बाप न्हाई, भाऊ लातूरला गेला. माहेराला कुलूप हाय. ह्यांचा शबूद पुरा व्हायची वाट बघत बसले, तर माझे गुडघे जात्याल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी शिट्टी वाजवली, फडकं हलवलं. काकूंनी मान हलवली नाही. त्या नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"लाइन क्लिअर न्हाई. आधी ठेसनावर चला."

"अगं, ती गाडी उलट्या दिशेला जाती!"

"जाऊ द्या उलटी. तुमी हाव की संगं."

सलीमभाईंनी टेम्पो काढला. मला काकूंनी सोबत घेतलं. गुडघ्यांमुळे चढताना आधार लागणार होता. डब्यात अप्पांनी मात्र काकूंना इंजिनाकडे पाठ होईल अशा खिडकीत बसवलं. पुढच्या तोंडाची जागा मोकळी होती. मी म्हणालो, "अप्पा, इकडे बसा. तिकडून सगळं मागे जाताना दिसेल."

"असू द्या, मास्तर," अप्पा म्हणाले. "तिचं तोंड तरी परळीकडं राहू द्या."

माझ्या मनात आदल्या दिवसाचा राग होता, त्याची लाज वाटली.

भोंगा वाजला. पळी आडवी धरून आम्हाला दरडावणारे मन्मथअप्पा खिडकीचा गज घट्ट धरून बसले. तोंडावरचा रंग उडाला होता. काकूंनी गजावरचा त्यांचा हात सोडवला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"आता एक धक्का बसंल," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."