शिगवणकाकांचं जायफळ

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की शिगवणकाका आमच्या इमारतीत दारोदार फिरून जुने स्वेटर मागत. "फाटकं चालेल," ते म्हणत, "फक्त पुढून बटणं पाहिजेत. डोक्यातून घालायचं असलं की त्यांना त्रास होतो."

'त्यांना' म्हणजे झाडांना. मी तेव्हा काळेवाडीत नवा भाडेकरू होतो, मला हे ठाऊक नव्हतं. कुणा गरजूला देत असतील असं समजून मी माझा कॉलेजातला मरून स्वेटर देऊन टाकला. आठवड्याभराने कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो, तर तो मिरीच्या वेलाने घातला होता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खरं सांगायचं तर त्याला तो माझ्यापेक्षा शोभत होता.

काका मूळचे गुहागरकडचे. चाकणच्या एका कंपनीत लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करायच्या भट्टीवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांच्या लेखी एकच असे. भात चिकट झाला, टेम्परेचर. शेजारच्या नवराबायकोत वाजलं, टेम्परेचर. "टेम्परेचर धरून ठेवायचं, राव," ते म्हणत, "बाकी सगळं आपोआप होतं."

गच्चीवर हिरवी जाळी ताणून, भोवती ओली गोणपाटं लटकवून त्यांनी काळेवाडीत कोकण वसवायचा घाट घातला होता. मिरी, दालचिनी, वेलदोडा, सुरंगी. पावसाळाभर सगळी मंडळी खुशीत असायची. खरी परीक्षा थंडीत. मी नाइट शिफ्ट करून सकाळी परत यायचो, तेव्हा काका मफलर गुंडाळून गच्चीवर हजर असत आणि उलटा हात एकेका पानाला लावून बघत, ताप आहे का ते बघावं तसा. एकदा वेलदोड्याला ऊब मिळावी म्हणून त्यांनी अगदी बुंध्याशी मोठा बल्ब लावला आणि बहिणीकडे रहाटणीला निघून गेले. परत आले तोवर वेलदोडा पार भाजून निघाला होता. काकांनी एक पान बोटांत धरून बघितलं. "कडक झाला," एवढंच म्हणाले.

पण सगळ्यांत मोठा मान जायफळाचा. निळ्या ड्रममध्ये लावलेलं, माझ्या खांद्याला लागेल एवढं झाड. जायफळात नर वेगळा आणि मादी वेगळी, आणि फळ धरतं ते मादीचं झाड. काकांनी बी रुजवलेलं, त्यामुळे काय निघालंय ते फूल आल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फूल यायला वर्षानुवर्षं लागतात. काकांना मात्र खात्री होती. "मादीच आहे. पानं बघ, किती समंजस आहेत."

काकांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, ही मंडळी अजिबात खपत नसत. पापड घालायला गच्चीवर जागा उरली नव्हती. "इथे माणसाला शाल नाही, नि झाडाला गोधडी," त्या जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत.

मग एका वर्षी थंडीने फारच धरलं. जायफळाची पानं कडेने काळी पडून गळायला लागली. काकांचं जेवणात लक्ष लागेना. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "भावा, याला खाली घ्यायचं."

ड्रम जिन्याच्या वळणावर अडकला. खाली मी, वर काका, मध्ये जायफळ. खालून येणारे खाली थांबले, वरून येणारे वर, आणि प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. शेवटी तो कसाबसा दारापर्यंत आला. काकू दारात उभ्या.

"कुठे ठेवणार?"

"हॉलमध्ये."

"आणि सोफा?"

"गच्चीवर."

थंडी ओसरेपर्यंत सोफा खरंच गच्चीवर होता. आम्ही खाली सतरंजीवर जायफळाच्या शेजारी बसून चहा प्यायचो. आता मी चऱ्होलीला एका टॉवरमध्ये राहतो, तिथल्या गच्चीला कायम कुलूप असतं. गारठा पडला की मला तो हॉल आठवतो. एकदा मी तिथे बसलो असताना काकू म्हणाल्या, "खिडकी लावून घे रे, वारं लागतंय." मी झाडाकडे बघितलं. "मला लागतंय," त्या घाईने म्हणाल्या.

संक्रांत झाली, ऊन तापायला लागलं. झाड पुन्हा गच्चीवर गेलं, त्याला पालवी फुटली, आणि एका सकाळी काकांची हाक आली. फांद्यांवर फिकट पिवळी, इवल्या घंटांसारखी फुलं होती. काकूही वर आल्या. काकांनी काकूंच्या भावाला, वसंताला, व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे त्याची जायफळाची वाडी होती.

"भावोजी, जरा जवळ धरा," वसंतराव म्हणाले. "घोस आहे हो. मादीला असे घोस येत नाहीत. नर आहे हा."

काकांनी फोन घोसाच्या आणखी जवळ नेला.

"काढून टाका. मी मादीचं कलम पाठवतो. फळच धरणार नाही, ते झाड ठेवून करायचंय काय?"

"ठेवतो मी त्याला," काका म्हणाले. मग त्याच आवाजात, "तुझ्या बहिणीने मला ठेवलंच की."

"म्हणजे?"

"मूल होईना म्हणून माझी आई हिला माहेरी धाडायला निघाली होती. तू न्यायला आला होतास, आठवतं? दोष माझ्यात होता, वसंता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ही म्हणाली, घरी माझं नाव सांगा, तुम्हाला चार लोकांत वावरायचं असतं. मी तसंच सांगितलं."

काकूंनी फोन काकांच्या हातातून घेतला, "वसंता, मी करते तुला नंतर," म्हणून बंद केला आणि उगीचच पदराने त्याची काच पुसत राहिल्या.

"कशाला आता ते," त्या म्हणाल्या.

"सांगायचं राहिलं होतं."

मी जिन्याकडे सरकलो. काकू ड्रमपाशी गेल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि त्यांनी एका घोसाचा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"वास छान आहे हो याला," त्या म्हणाल्या. "या, बघा."

काका चष्मा काढून त्यांच्या शेजारी वाकले.