साहेबांचा डबा

सरकारी कचेरीत जाताना लोक झेरॉक्स नेतात, फोटो नेतात, जमलं तर ओळखीचा माणूस नेतात. आमचे सत्तारमामू जेवणाचा डबा नेतात. तोही स्वतःसाठी नाही, खिडकीमागच्या साहेबांसाठी!

मामू म्हणजे आमच्या गल्लीतले गादीवाले. घराणं पिंजाऱ्याचं. तरुणपणी खाडीत, म्हणजे आखाती देशात, पाइप जोडायला गेले, काही वर्षांनी परत आले आणि पुन्हा कापसात बसले. लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि मामूंचे दिवस पालटले. देगलूर, हिमायतनगर, कुठकुठून मुलं डॉक्टर व्हायला इथे येतात आणि मामूंच्या गादीवर झोपतात. मी त्यांना रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे ती माझ्या वर्गातही झोपतात; पण ते असो.

मुलांचे आईबाप लांब. दाखला लागला की मुलं मामूंकडे येतात. मामू दुकानाला कुलूप लावून, डबा घेऊन त्यांच्याबरोबर तहसिलीत हजर.

"साहेब खुर्चीवरून उठू द्यायचा न्हाई," हा त्यांचा मंत्र. "जेवायला उठला की गेला. काम उद्यावर, अन् उद्या कुनी बघितलाय?"

दुपारी एकच्या सुमारास खिडकीमागे आळस दिला गेला, की मामूंचा हात डब्यासकट आत. "हितंच घास घ्या की साहेब. भाकरी गरम हाय. तुम्ही खात ऱ्हावा, एका हातानं शिक्का मारत ऱ्हावा." पहिल्यांदा साहेब लोक बिचकले. आता वास आला की ते स्वतःच कागद बाजूला सारून जागा करतात.

कोणाचा सोमवार, कोणाची चतुर्थी, कोणाला पित्तामुळे ठेचा चालत नाही, हे त्या साहेबांच्या बायकांपेक्षा मामूंना जास्त पाठ. उपासाच्या दिवशीची भगर आमच्या घरून जाते. हिच्या हातची भगर मला एकादशीलासुद्धा मागून घ्यावी लागते, तहसिलीला ती न मागता मिळते. रमजानात मामूंच्या स्वतःच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नसतो, पण साहेबांचा डबा चुकत नाही.

"मामू, चहापाणी करणारे पुष्कळ बघितले," मी एकदा म्हणालो. "कचेरीत पंगत बसवणारे तुम्हीच."

"हसा सर, हसा. तुमच्यावर येळ आली की बोलू."

वेळ आली. माझ्या मुलीचा कॉलेजप्रवेश एका दाखल्यावर अडला होता आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दाखला नाही तर जागा गेली. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून अभ्यास करत होती. रांगेत तिचा चेहरा बघवत नव्हता. आमचा नंबर लागला आणि साहेबांनी खिडकीच्या फळीला हात घातला.

"जेवणाची सुट्टी. आता उद्याच या."

माझं डोकं फिरलं. मी नागरिकांचे हक्क काढले, वरपर्यंत तक्रार करायची भाषा केली. तसा साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. डबा घेऊन बरोबर आलेल्या मामूंनी मला कोपरानं मागे ढकललं.

"साहेब, सरांचं मनावर घेऊ नका. मास्तर मानूस, बोलायची सवय हाय. तुम्ही वांगं बघा. कारळाची चटणी लावून केलंय."

फळी अर्ध्यावर थांबली. साहेब बसले. अर्धी भाकरी संपेपर्यंत शिक्का उमटला, आणि हात धुवायला म्हणून उठले ते आतून सहीच घेऊन आले. पोरगी कागद घेऊन धावतच सुटली.

मामू नळावर डबा विसळत होते. मी सुटकेच्या आनंदात विचारलं, "मामू, ही विद्या खाडीत शिकलात वाटतं?"

"हौ," ते म्हणाले. "पर उशिरा शिकलो."

मग डबा विसळता विसळताच सांगितलं. इकडे भूकंप झाला तेव्हा ते तिकडे खाडीतच होते. गाव पडल्याचं कॅम्पात रेडिओवर कळलं. आईला ढिगाऱ्यातून जिवंत काढलंय, इथल्या दवाखान्यात आहे, असा निरोप आला. मामूंचा पासपोर्ट नवा करायला तिथल्या भारतीय वकिलातीच्या कचेरीत दिलेला. तसेच कामावरून उठून तिकडे पळाले. खिडकीतला माणूस आपल्याच मुलखाचा. त्यानं ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि जेवणाची सुट्टी म्हणून फळी ओढली. मामू तिथंच उभे राहिले. फळी उघडली तेव्हा सहीचे साहेब निघून गेलेले. उद्या या. उद्या सुट्टी निघाली. त्याच्या पुढं अजून एक उद्या.

"अम्मा रोज इचारायची म्हनं, सत्तार आला का. मी आलो तवा दफन करून लोक घरी गेलते."

मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा संताप आला, की तोंडातून शिवीच गेली.

"छे, छे, सर," मामू घाईनं म्हणाले. "त्याला कशाला? मानूस हाय, भूक लागनारच की." त्यांनी डब्याचं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं. "माझ्या हातात डबा होता ओ. कामावरून तसाच गेलतो ना, खाल्ला बी नव्हता. वांगंच होतं त्या दिशी. नुसता आत सरकवायचा होता. मी येड्यावानी डबा धरून उभा ऱ्हायलो. सुचलंच न्हाई मला."

तुमची काही चूक नाही, असं मी म्हणालो. ते त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

आमच्या दारात आल्यावर त्यांनी तो रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"वहिनीला सांगा, उद्या चतुर्थी हाय. देगलूरच्या पोरीचं काम हाय तहसिलीत. भगर लागंल."