किमयागाराचे वय

एका जंगलात, सकाळी नऊच्या सुमारास, तळ्याकाठी दरबार भरला होता. गादीवर गवा महाराज होते. समोर म्हातारे कासव उभे होते. कासव उभे कसे असेल, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, दरबारात सगळे उभेच असतात.

भांडण तळ्याचे होते. मध्यंतरी जंगलात एक पाणमांजर आले होते. गळ्यात शिंपल्यांची माळ, बोलणे अगदी हळू. "मी किमयागार. वय वर्षे तीनशे," एवढेच त्याने सांगितले. माशांच्या रुपेरी खवल्यांचे तो सोने करणार होता. त्यासाठी त्याला अख्खे तळे हवे होते आणि कासव तिथे नको होते. कासवाचे सारे आयुष्य त्या तळ्यात गेले होते.

किमयागार राजाच्या पंक्तीला बसे, पण घास तोंडात घालत नसे.

"वाऱ्यावर जगतात हो!" हरिणी म्हणत.

मग कोल्हा म्हणाला, माझ्या आजोबांनी यांना पाहिले होते. महाराजांनी खूश होऊन त्याला दरबारात पुढची जागा दिली. झाले! दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्याच आजोबांनी किमयागाराला पाहिले होते. सशाचे आजोबा तर त्याच्याशी सोंगट्या खेळले होते.

कासवाला हसू येई. ते सगळे आजोबा त्याच्या ओळखीचे होते.

"कासवबुवा," महाराज म्हणाले, "तुम्ही दोनशे वर्षांचे. यांना पूर्वी कधी पाहिलेत?"

"नाही, महाराज."

"नीट आठवा!" साळिंदर प्रधान काटे फुलवून म्हणाला. "माझ्या आजोबांनी याच काठावर यांचे दर्शन घेतले होते."

"प्रधानजी, तुमच्या आजोबांना दिसत नव्हते. पाण्यापर्यंत मीच त्यांना हाका मारत आणायचो."

दरबारात खसखस पिकली. मग प्रत्येकाला आपापली पुढची जागा आठवली आणि सगळ्यांनी हसू आवरले.

"आणखी एक, महाराज. हे आल्यापासून तळ्यातले मासे कमी होताहेत. न जेवणारे हे गृहस्थ मात्र चांगले गुटगुटीत झालेत."

"मासे?" महाराज गवत चघळत म्हणाले. "त्यात खाण्यासारखे काय असते?"

किमयागार गोड हसला. "महाराज, हे खरेच दोनशे वर्षांचे असते, तर मी यांना आठवलो असतो. लहान आहे बाळ. रागावू नका."

निकाल लागला. कासव लहान ठरले. "बाळ, काकांना नमस्कार कर," असे म्हणून साळिंदराने त्याला तळ्याबाहेर काढले.

थोड्याच दिवसांत किमयागार नाहीसा झाला. सोन्याचा कणही कुणाला दिसला नाही. तो स्वतःच सोने होऊन सूर्यात मिसळला, असे जंगल सांगू लागले. सशाच्या आजोबांनी म्हणे हे आधीच सांगून ठेवले होते. कासव खडकावर बसून ऐकत राहिले. लहानांनी मोठ्यांच्या बोलण्यात पडायचे नाही, अशी त्याला ताकीद होती.

तात्पर्य : जुने काही आठवत असेल, तर आधी पुढची जागा मिळवावी आणि मग त्या जागेला शोभेल तेवढेच आठवावे. तळ्याचे पाणी आता नितळ आहे. त्यात एकही मासा नाही. ते गेले कुठे, हे दरबाराने अजून सांगितलेले नाही.